‘अल’ची आळी

अब्बांनी रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंग्लिश डिक्शनरीची सुरुवातीची पानं गळून गेली होती. ती उघडायची थेट ‘अल्बट्रॉस’वर. त्यामुळे ‘ॲक्सिडेंट’चा अर्थ मला त्यात कधी सापडला नाही, अल्केमी, अल्कोव्ह, अलेम्बिक हे शब्द मात्र सातवीतच पाठ. अलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं भांडं, हे वर्गात मला एकट्याला माहीत होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता.

उच्चाराच्या खुणा समजावणारं पानही गळालेलंच. म्हणून मी मकतबातली रीत लावली. तिथे मौलवीसाहेब शिकवत, ‘अल्-कमर’मध्ये लाम स्पष्ट म्हणायचा, ‘अश्-शम्स’मध्ये लिहायचा, पण म्हणायचा नाही. अरबीची 14 अक्षरं चंद्राची, 14 सूर्याची.

एकदा वर्गात धडा वाचताना मी ‘आल्मंड’ म्हणालो. ‘ल’ सायलेंट आहे, ‘आमंड’ म्हण, एवढं सांगून भागलं असतं. सर हसून म्हणाले, “तुमच्यात असंच म्हणतात का रे?” वर्ग हसला. आमच्यात बदाम म्हणतात, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं. पुढे दहावीपर्यंत मोठ्याने वाचायला मी हात वर केला नाही.

कॉलेजच्या लायब्ररीत शब्दांची कुळी सांगणारी जाडजूड डिक्शनरी मिळाली. पहिल्यांदा बदामच शोधला. लॅटिनमध्ये तो ‘अमिग्डाला’. सुरुवातीला ‘ल’ नाहीच! तो बहुधा अरबी ‘अल्’च्या नादाने मागाहून चिकटला. ज्या ‘ल’पायी माझं हसं झालं, तो आमच्याच बाजूचा पाहुणा निघाला. (दानधर्म या अर्थाचा शेजारचा ‘आम्झ’ मात्र ग्रीक. त्यातलाही ‘ल’ गप्प.)

बाकीची आळी तर उघडच अरबी. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात ‘अल्-जब्र’ हा शब्द आहे. जब्र म्हणजे मोडलेलं परत जागेवर बसवणं. समीकरणातलं वजा पद दुसऱ्या बाजूला नेऊन आपण तेच करतो. त्याचा झाला अल्जिब्रा. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणजे चक्क हाडवैद्य. त्याच माणसाने भारतीय अंकांवरही लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या नावावरून अल्गोरिदम आला.

अल्कली म्हणजे ‘अल्-कली’, खाऱ्या झुडपांची राख. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचं ‘अल्कधर्मी’ झालं. नाव अर्धंच अरबी उरलं, धर्म मात्र संस्कृत मिळाला!

सगळ्यात मजा अल्कोहोलची. खोकल्याच्या औषधावर तो शब्द आहे असं मी वाचून दाखवलं की दादी बाटली परत पाठवायची. मूळ शब्द ‘अल्-कुहल’, म्हणजे सुरमा. सुरम्यासारखी बारीक पूड, मग कशाचंही काढलेलं सत्त्व, मग वाइनचं सत्त्व, असा अर्थ सरकत गेला. मी दादीला म्हटलं, तू ईदला आमच्या डोळ्यांत घालतेस तेच हे. ती माझ्याकडे बघतच राहिली. “क्यूं रे, लोगां सुरमा पीते क्या?” बाटली परत गेलीच.

हे सगळे एकाच पानावर का राहतात, हे कोडं मात्र फार उशिरा सुटलं. काफ, क़ाफ, जीम, ख़े ही सगळी चंद्राची अक्षरं. त्यांच्यापुढे लाम स्पष्ट ऐकू येतो, म्हणून युरोपवाल्यांनी तो लिहून घेतला. ‘अस्-सुमूत’ म्हणजे दिशा. त्यातला सीन सूर्याचा, लाम त्यात विरघळतो. म्हणून तो शब्द ‘ॲझिमथ’ होऊन ‘ए’च्या पार टोकाला राहायला गेला. त्याचंच एकवचन ‘सम्त’, त्यातून झालेला ‘झेनिथ’ तर थेट झेडमध्ये. मकतबातला नियम इंग्लिश डिक्शनरीत पाळला जातोय!

मौलवीसाहेबांना हे पान दाखवायचं राहून गेलं. दाखवलं असतं तर त्यांनी आधी माझ्याकडून ‘कली’ तीनदा म्हणवून घेतलं असतं. “क़ाफ आहे तो, घशातून काढ.”