लिहून देणार, लिहून घेणार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात दुष्टात्म्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. डीमन दिसेल ते फोडतो, जाळतो, त्याच्याशी बोलणी होऊच शकत नाहीत. डेव्हिलचं तसं नाही. तो नऊ थरांच्या नरकात कडक उतरंडीत राहतो, हुद्दे मानतो, कागद करतो आणि दिलेला शब्द कधी मोडत नाही. त्याचा सगळा दुष्टपणा शब्द पाळण्यात असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतून नियम कितीदा तरी बदलले, तरी डेव्हिलचा हा स्वभाव टिकून राहिला. मला तो फार आवडतो, कारण शब्दाला बांधलेल्या वैऱ्यापुढे दुबळ्या माणसाच्या हातात निदान एक हत्यार उरतं: कागद नीट वाचणं.

माझं पोट दस्तांवर चालतं. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, भाडेकरार, मृत्युपत्रं. दिवसभर ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांच्यामध्ये बसायचं आणि कुठला शब्द उद्या कोणाच्या अंगावर येईल ते बघायचं. त्यामुळे सैतानाशी केलेल्या सौद्याची गोष्ट ऐकली की मी आधी मसुदा विचारते.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजनं २०२३ साली आणलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकावरच्या खेळात असा एक मसुदा आहे. विल नावाच्या तरुणानं आपलं शहर वाचवण्यासाठी मिझोरा या डेव्हिलशी करार केलेला असतो. ती सांगेल त्याला मारायचं, पण त्यालाही मर्यादा आहे: नरकातले, डीमन, हृदयशून्य आणि आत्मा नसलेले, एवढ्यांनाच. वाचताना कुणालाही हे कलम आपल्याच बाजूचं वाटेल, निरपराध माणसाला हात लावावा लागणार नाही असं वाटेल. मग मिझोरा त्याला कार्लाखच्या मागावर पाठवते. कार्लाख मनानं सोनं आहे. पण नरकात तिचं हृदय काढून त्या जागी एक धगधगतं यंत्र बसवलेलं आहे. म्हणजे अक्षरशः हृदयशून्य. विलनं सही करताना त्या शब्दाचा अर्थ ‘क्रूर’ असाच धरला असणार, दुसरा अर्थ त्याच्या स्वप्नातही आला नसणार. तिला न मारण्याची शिक्षा म्हणून त्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात. त्या प्रसंगात मला शिंगांपेक्षा कलमाची भीती वाटली. अशी कलमं मी पाहिली आहेत.

आमच्या घरी हा खेळ जेवणाच्या टेबलावर चालतो. माझी मुलगी डीएम, म्हणजे डंजन मास्टर. सगळं जग तिचं. नद्या, राजे, बाजार, पाऊस आणि सैतान, सगळे तिच्या तोंडून बोलतात. तिचे मित्रमैत्रिणी एकेक पात्र घेतात आणि मी एक म्हातारी पुजारीण खेळते. यातल्या एका मुलीचं पात्र आहे बार्ड, म्हणजे गाऊन जादू करणारी. तिचा भाऊ पुरात वाहून गेला होता. डेव्हिलनं तो परत आणून दिला आणि बदल्यात कागद करून घेतला. माझ्या मुलीनं तो मजकूर खरोखरच्या हिरव्या लेजर पेपरवर, माझ्याच दस्तांच्या भाषेत लिहून आणला होता: ‘लिहून देणार हिचे गाणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसाचे सूर्यास्तास तिचा आत्मा लिहून घेणार यांचे ताब्यात जाईल.’

बार्ड रोज गात राहिली. आजारात गायली, लढाईत गायली, एकदा तुरुंगात भिंतीकडे तोंड करून गायली. मग एका रविवारी डेव्हिलच्या नोकरानं तिच्या पेल्यात काहीतरी कालवलं आणि दुपारपर्यंत तिचा आवाज गेला.

टेबलावर गलका झाला. कोणी म्हणालं डेव्हिलशी लढू, कोणी म्हणालं देवळात पळू. वीस बाजूंचा फासा दोघातिघांच्या हातात आधीच होता. मी कागद मागून घेतला. मला पहिल्यांदा दिसलं ते जे लिहिलेलं नव्हतं ते. लिहून घेणाऱ्यानं स्वतःच गाणं थांबवलं तर काय, याबद्दल दस्त गप्प होता. आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम ५३ याचसाठी आहे. एका पक्षानं दुसऱ्याला त्याचं वचन पुरं करण्यापासून अडवलं, तर अडवलेल्या पक्षाला तो करार रद्द ठरवता येतो. मी ते मांडलं. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, नरकात हा कायदा नाही. तिथे फक्त कागद आहे.” तिचं बरोबर होतं.

तेवढ्यात जिचा जीव टांगणीला लागला होता तीच मुलगी कागदावर वाकून, बोट ठेवून वाचत होती. म्हणाली, “काकू, यात आवाज कुठे म्हटलंय? गळासुद्धा नाही. ‘हिचे गाणे’ एवढंच आहे. माझं गाणं तर नावाड्यांच्या पोरांना येतं.”

खरंच येत होतं. फार पूर्वी, अगदी बिनमहत्त्वाच्या एका प्रसंगात, तिच्या बार्डनं भावावर रचलेलं गाणं घाटावरच्या मुलांना शिकवलं होतं. वेळ घालवायला, बाकीचे घोड्यांचा सौदा करत होते तेव्हा. माझ्या मुलीनं आपली वही काढली, पानं मागे उलटत गेली आणि थांबली. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की ती पोरं रोज संध्याकाळी होड्या बांधताना ते गाणं म्हणतात. तिनं ओळ दोनदा वाचली. आम्ही कोणी बोललो नाही. मग सैतानाच्या आवाजात ती म्हणाली, “मजकूर रास्त आहे. गाणं थांबलेलं नाही.”

मला त्या क्षणाचं मोल वाटतं ते माझ्या मुलीच्या बाजूनं. हुशारी खेळाडूची, यात वाद नाही. पण नाही म्हणणं डीएमच्या हातात होतं. ‘गाणं म्हणजे स्वतः गाणं’ एवढं म्हटलं असतं तर कोणीही अपील करू शकलं नसतं. शिवाय तिनं या वळणासाठी किती रात्री तयारी केली होती ते मला माहीत आहे. ज्याच्या हाती सगळी सत्ता, त्यानं स्वतःच्या शब्दाखाली जाऊन उभं राहायचं, हे फार थोड्यांना जमतं. आमच्या व्यवसायात याचा नियमच आहे: मजकूर संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा. विम्याच्या कागदांत तो हरघडी लागतो. पण न्यायाधीश तो दुसऱ्यावर लावतो. तिनं तो स्वतःवर लावला.

सावित्रीची गोष्टही मी आता अशीच वाचते. महाभारताच्या वनपर्वात यम तिला एकेक वर देत जातो आणि दर वेळी बजावतो, सत्यवानाचे प्राण सोडून माग. ती सासऱ्यांची दृष्टी मागते, राज्य मागते, बापाला पुत्र मागते, शेवटी सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र मागते. यम तथास्तु म्हणतो. पुढचा वर देताना ती अट घालायची राहून जाते आणि सावित्री तिथेच बोट ठेवते. दर ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला फेरे घालताना तिच्या निष्ठेबद्दल बोललं जातं, तिच्या वाचनाबद्दल नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि यमाबद्दल तर कोणीच बोलत नाही. तो पाश आवळून चालता झाला असता तर तिनं काय केलं असतं? तो धर्मराज होता, म्हणून तिची बुद्धी कामाला आली.

जिथे समोरचा असा नसतो आणि कागदही वाचता येत नाही, तिथे काय होतं ते आपल्या मुलखानं पाहिलं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. मारहाण फारशी झाली नाही, रोख कागदांवर होता. अंगठा कशावर दिला हे ज्याला वाचता येत नाही, त्याला त्यातली पळवाट कुठून दिसणार? चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जाच्या दाव्यात रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासणं कोर्टाचं काम ठरलं. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांपुरता का होईना, कागद म्हणजे शेवटचा शब्द राहिला नाही. मला हा कायदा आमच्या टेबलावरच्या कुठल्याही जादूपेक्षा मोठा वाटतो. आजही माझ्यासमोर शिकलीसवरली माणसं बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “सही कुठे करायची?” मी त्यांना दस्त मोठ्यानं वाचून दाखवते. काहींना ते कंटाळवाणं होतं. मी तरीही वाचते.

बार्डचा आत्मा वाचला, आवाज मात्र गेलेलाच आहे. तो परत देण्याबद्दल दस्तात काही नाही, आणि माझी मुलगी यावर ठाम आहे. बार्ड खेळणाऱ्या मुलीनं पात्र बदललं नाही. तिची मुकी बार्ड आता गावोगाव मुलांना गाणी शिकवते, हातानं ताल धरून, आणि जादू त्यांच्या तोंडून होते. माझ्या पुजारिणीला मात्र हा नुकसानीचा दावा सोडायचा नाही. माझ्या मुलीनं तिच्या नरकात दुसऱ्या थरावर एक न्यायासन असल्याचं कधीतरी सांगितलं होतं. तीही नोंद तिच्याच वहीत आहे. पुढच्या रविवारी आम्ही तिथे जाणार आहोत, वादपत्र मी लिहायला घेतलंय.