रंगाखालचा चेहरा

गतवर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत मला एका नाटिकेंत राजपुत्राची भूमिका मिळाली, तेव्हां आनंदापेक्षां चिंताच अधिक वाटली. माझ्या डाव्या गालावर भाजल्याचा एक काळसर व्रण आहे. मी दीड वर्षाचा असतांना चुलीवरून उतरविलेलें दुधाचें पातेलें ओढलें, त्याची ती खूण. राजपुत्राला असा व्रण कसा शोभावा?

रंगभूषेसाठीं आम्हां मुलांना वाशीम गांवांतील एका ताईंकडे नेण्यांत आलें. लग्नसराईंत त्यांच्याकडे नववधू येतात, संमेलनांच्या दिवसांत राजे आणि राक्षस! सकाळीं जेथें नवरी बसली, तेथेंच सायंकाळीं रावण बसावा, याची मला मोठी गंमत वाटली.

पाळी येईपर्यंत गुरुजींनीं आम्हांस पुष्कळ माहिती सांगितली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत वेष व रंग यांना 'आहार्य अभिनय' म्हटलें आहे. पांढरा, निळा, पिवळा व तांबडा या चार मूळ रंगांपासून इतर रंग कसे करावे, हेंहि तेथें दिलें आहे. आपलें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारें ११०० वर्षांपूर्वीं राजशेखरानें 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरांत लाविला. त्या कथेंत साहित्यविद्या देशोदेशीं नवा वेष धारण करीत येते आणि तेथील स्त्रिया तिचें अनुकरण करितात. नटण्याची ही कथा आमच्याच गांवीं पूर्ण व्हावी, हें ऐकून मला अभिमान वाटला.

इतक्यांत माझी पाळी आली. "ताई, हा डाग तेवढा झांका," मीं हळूच म्हटलें. त्यांनीं व्रणावर प्रथम नारिंगी छटेचा पातळ हात दिला, त्यावर माझ्या वर्णाचा रंग बोटानें थोपटून बसविला व वरून पावडर फिरविली. काळसरपणा नारिंगीनें मरतो, हें मला त्या दिवशीं समजलें. आरशांत पाहतों तों व्रण नाहींसा!

नाटिका उत्तम झाली. टाळ्याहि पडल्या. आई पहिल्या रांगेंत होती. परंतु ती नाटक पाहत नव्हती, माझ्या गालाकडे पाहत होती.

घरीं आल्यावर तिनें खोबरेल तेलानें माझा रंग उतरविला. व्रणापाशीं येतांच तिचीं बोटें थांबलीं. "तें पातेलें मींच खालीं ठेविलें होतें रे," ती म्हणाली. "तुला याची एवढी लाज वाटते, हें मला ठाऊक नव्हतें."

मला उत्तर सुचलें नाहीं. इ. स. १९११ मध्यें 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, तरी ते रंग चढवून भामिनीच्या भूमिकेंत उभे राहिले, असें मीं वाचलें होतें. आपलें दुःख रंगाखालीं झांकून त्यांनीं प्रेक्षकांना आनंद दिला. मीं माझा व्रण झांकून आईचें दुःख मात्र उघडें केलें.

यंदा मला पुन्हा भूमिका मिळाली आहे. ताईंना मीं आधींच सांगून ठेविलें आहे, "तो डाग राहूं द्या." आईला हें अद्याप सांगितलेलें नाहीं. ती पहिल्या रांगेंत बसेल, तेव्हां तिला दिसेलच.