जीपची उंची

१९८० साली उजनी झाली, करमाळ्याच्या आमच्या भागात ऊस आला. उसाच्या ट्रॉल्यांनी रानवाटांना खोल चाकोऱ्या पाडल्या. मधला उंचवटा जुन्या महिंद्रा जीपच्या पोटाला घासायचा.

फिटर म्हणाला, "एकेक पाटा वाढवू, दोन इंच उठंल." लांब शॅकल स्वस्त पडत होते, पण त्यानं स्टेअरिंग भरकटतं. पाटा वाढवला की रिकामी गाडी उडवते, हाडं खिळखिळी.

आबा म्हणाले, "तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय? आत्ताच हात द्यावा लागतोय."

मग नवं काही घातलं नाही. वर्षानुवर्षं ओझ्यानं बसलेले जुनेच पाटे उतरवून ठोकून पुन्हा बाक आणला. इंचभर उंची परत मिळाली. दाराखाली लोखंडी पायरी जोडली. भर पावसात काळ्या रानात अजून घासते, तेव्हा बैलगाडी.