सहीचा हिशेब

बापानं २००३ साली व्हीआरएसच्या कागदावर सही केली. "यापुढं माझा मिलवर कसलाही दावा नाही," असं त्यात छापलेलं. पैशाचा हिशेब १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा : शेवटच्या पगाराचे १५ दिवस, गुणिले नोकरीची वर्षं. दोस्तांनो, यात जात कुठाय? पगारात! पगार जास्त विणकाम खात्यात. पण तिथं कांडी बदलताना धोट्यातनं धागा तोंडानं ओढायचा, म्हणून आपल्या माणसांना मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला होता. आजा रिंग खात्यातच राहिला, बाप त्याच्याच जागी बदली लागला. म्हणजे साला, विटाळ गुणिले २८ वर्षं. ह्या दाव्यावर सही कुणी मागितली? मी आता सूतगिरणीत, रिंगवरच. बाप अजून विचारतो, "पगाराच्या कागदावर काय लिव्हलंय, वाचतोस ना?"