सदतीस लिहिताना

जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या नव्या पुस्तकात सत्तावीस ही संख्या ‘वीस सात’ अशी वाचायला दिली होती. त्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पाऊस पडला, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचीही फोड करून झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सगळ्यांना समजावत होत्या, की जुनी नावं काढून टाकलेली नाहीत. सत्तावीस ऐकताना सात आधी कानावर पडतो आणि लिहायचा असतो दोन, तिथे लहान मुलं अडखळतात. दक्षिणेकडच्या भाषांत आधी दशक आणि मग एकक बोलतात, तशीही सोय असू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाजू घेणारे दोन्हीकडे भरपूर होते. दुसरीच्या वर्गात जाऊन बसलेलं मात्र त्यांत कुणी फारसं दिसत नव्हतं.

मी तेव्हा एम.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि लघुप्रबंधाला विषय शोधत होते. आमच्याकडे लघुप्रबंधाचा एक ठरलेला साचा असतो. प्रयोग गट, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, शून्य परिकल्पनेचा त्याग. महिनाभर काहीतरी नवं शिकवायचं आणि शेवटी ते परिणामकारक ठरवायचं. एखादा नवा उपक्रम अपरिणामकारक ठरल्याचा लघुप्रबंध मी तरी आमच्या ग्रंथालयात पाहिला नाही! मी एकाच शाळेची केस स्टडी करते म्हटल्यावर वर्गातल्या मैत्रिणींना वाटलं, हिला काम टाळायचंय. बी.एड.ला आपण सगळ्यांनीच एका ‘समस्याग्रस्त’ विद्यार्थ्याची केस स्टडी घरी बसून रंगवलेली असते, त्यामुळे या प्रकाराला फारशी पत उरलेली नाही.

मार्गदर्शक मॅडमनी मला आधी बेनी वाचायला लावला. अमेरिकेतला हा बारा वर्षांचा, सहावीतला मुलगा. स्टॅन्ली अर्लवांगर नावाच्या संशोधकाने १९७३ मध्ये त्याच्यावर एक लेख लिहिला. बेनीच्या शाळेत गणिताचा असा अभ्यासक्रम होता, की प्रत्येक मुलाने आपल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, चाचणी द्यायची, ऐंशी टक्के मिळाले की पुढे सरकायचं. बेनी छान पुढे सरकत होता, शिक्षिकेच्या मते वर्गातल्या हुशार मुलांपैकी होता. अर्लवांगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा कळलं, की दोन दशांश हा अपूर्णांक बेनी १.२ असा लिहितो. अंश-छेदाची बेरीज करायची, बारा, आणि मध्ये टिंब द्यायचं. पाच दशांशाचे झाले १.५. असे कितीतरी नियम त्याने स्वतः रचले होते. गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या उत्तरांशी आपलं उत्तर जुळवण्याचा खेळ, अशी त्याची पक्की समजूत होती. अख्ख्या अभ्यासक्रमाचं पितळ त्या एका मुलाशी झालेल्या गप्पांत उघडं पडलं. चाचण्यांचे तक्ते मात्र सगळे ठीकठाक होते.

मॅडमनी दुसरं पुस्तक दिलं ते लॉरेन्स स्टेनहाउस यांचं, १९७५ सालचं. अभ्यासक्रम म्हणजे वरून आलेला हुकूम नव्हे. तो प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात तपासून पाहायचा प्रस्ताव असतो, आणि तपासणारा शिक्षकही संशोधकच, हा त्यातला मुद्दा. पटायला सोपा, करायला महाकठीण. चार इयत्तांच्या शाळेत दोन शिक्षक असतील तर त्यांनी संशोधन कधी करायचं?

मी निवडलेली शाळा अशीच होती. पुरंदर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एका खोलीत बाईंकडे, तिसरी-चौथी पलीकडे सरांकडे. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, महाविद्यालयाचं पत्र, पालकांची संमती या कागदांचं वर्णन करत नाही. श्रावणात जायला लागले, तेव्हा सीताफळाचा हंगाम चालू होता आणि हजेरी निम्मी असायची.

पहिल्या दिवसांत वहीत टिपलेलं आज वाचलं तर बरंचसं निरुपयोगी आहे. खोलीचं माप, तक्त्यांची यादी, कोण कुठे बसतं. तरी त्यातली एक नोंद पुढे कामी आली. बाई दुसरीला ‘तीस सात’ शिकवत होत्या आणि पहिलीची मुलं पाटीवर गिरवता गिरवता तेच बडबडत होती. पुस्तकाच्या दृष्टीने ती मुलं त्या पाठात नव्हतीच.

दुसरीतली एक मुलगी माझ्या प्रबंधात ‘विद्यार्थिनी ४’ आहे. इथे तिला सुमन म्हणते. बाईंच्या नोंदवहीत सुमनच्या नावापुढे संख्यालेखनाला बरोबरची खूण होती आणि मी घेतलेल्या चाचणीतही तिच्या बहुतेक संख्या बरोबर होत्या. श्रुतलेखन चालू असताना एकदा मी तिच्या शेजारी खाली बसले. बाई म्हणाल्या, “सदतीस.” सुमनने वहीत थोडी जागा सोडून ७ काढला, मग डावीकडे सरकून त्या मोकळ्या जागेत ३ बसवला. “चौऱ्याऐंशी.” आधी ४, मग त्याच्या डाव्या अंगाला ८. कानावर जे आधी पडलं ते आधी लिहायचं आणि जागा मात्र चुकू द्यायची नाही, अशी तिने आपली वाट काढली होती. कागदावर उमटलेल्या सदतीसमध्ये यातलं काहीच दिसत नाही. एकोणचाळीसला मात्र ही युक्ती हरायची. ‘चाळीस’ ऐकून तिथे ४ येऊन बसायचा आणि उत्तर व्हायचं ४९.

ही युक्ती कुठे तुटते ते तिच्या घरी दिसलं. आजोबांना सासवडच्या आडत्याला फोन लावायचा होता. बटणांचा फोन सुमनच्या हातात, आजोबा डायरीतून जोडी-जोडीने नंबर वाचत होते, आपण सगळेच वाचतो तसा. सदतीस आल्यावर तिने सात दाबला, मग तीन. फोनच्या पडद्यावर डावीकडे जागा सोडता येत नाही. तिच्याही ते लगेच लक्षात आलं. सगळं पुसून ती म्हणाली, “आजोबा, तीन सात असं सांगा ना.” तिच्या शेजारीच सीताफळांचे क्रेट भरलेले होते आणि कुठल्या क्रेटमध्ये किती फळं, हिशेबाने किती पैसे, हे ती तोंडी घडाघडा सांगत होती. संख्येची समज तिला नव्हती असं कोण म्हणेल? अडचण बोलणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वळणावर होती, आणि नव्या पुस्तकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

पण मग पुस्तकाचा उपाय वर्गात चालला का? दिवाळीनंतर बाईंच्या तोंडी ‘तीस सात’ कमी कमी ऐकू येऊ लागलं. मी मसुद्यात लिहिलं, की नवं वाचन दुसऱ्या सत्रात गळून पडलं. नॉर्वेचा दाखलाही दिला. तिथे १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने हाच बदल झाला आणि तरी जुनी पद्धत घराघरांतून पुढे कितीतरी वर्षं टिकली.

केस स्टडीत आपण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचायला द्यायचं असतं. मी पानं दिली, बाई लाल पेन घेऊनच बसल्या. ‘गळून पडलं’ याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. “गळलं नाही, मी कामापुरतं ठेवलंय. उभ्या मांडणीच्या बेरजेला बसलो की मी तीस सात आणि वीस पाच असंच म्हणते, हातचा पटकन कळतो. पण दुकानात जाऊन पोर तीस सात रुपये म्हणाली, तर लोक हसतात. हसण्याचा विषय करून ठेवलाय सगळ्यांनी. तिथे सदतीसच यायला हवं.” माझ्या टिपणांत बेरजेचे तास होते. पुन्हा चाळले, तर बाई तसं बोललेल्या जागा खरोखरच सापडल्या. पण बेरीज नसलेल्या तासांतही त्या जुन्या नावांकडे घाईने वळत होत्या, असं माझं अजूनही मत आहे. आमचं यावर एकमत झालं नाही. मी प्रबंधात दोघींचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिलीच्या त्या बडबडणाऱ्या मुलांचं पुढे काय होतं, हे बघायचं राहूनच गेलं. दुसरीतल्या संख्या ऐकत बसल्याने त्यांचं शिकणं सोपं झालं असतं का? द्विशिक्षकी शाळांच्या बाबतीत हा प्रश्न मला पुस्तकाच्या वादापेक्षा मोठा वाटतो.

मौखिक परीक्षा ऑनलाइन झाली. बहिःस्थ परीक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच, “एका शाळेवरून तुम्ही महाराष्ट्राबद्दल काय सांगणार?” मी म्हटलं, महाराष्ट्रातल्या किती मुलांचं असं होतं, ते मला या अभ्यासातून सांगता येणार नाही. पण बरोबर सदतीस लिहिणारं मूल ते कसं लिहितं, हे बघितल्याशिवाय ‘संख्यालेखन साध्य’ अशी खूण करू नये, एवढं सांगता येईल. त्यावर ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. संदर्भसूचीत स्वल्पविराम चुकले होते.

शाळा पुन्हा भरल्यावर बाईंचा फोन आला होता. आता त्या संख्यांचं श्रुतलेखन फळ्यावर घेतात, एका वेळी एकाच मुलाला उभं करून. कुठला अंक आधी पडतो ते त्यामुळे सगळ्यांना दिसतं. वर्गाचा वेळ फार जातो, अशी त्यांची तक्रार आहे. सर म्हणतात, हे तिसरीतही करून बघायला हवं.