बदकांची जोडी आणि मधली जाळी

कुंडलला कलिकुंड पार्श्वनाथांच्या दर्शनास येणारे आप्तेष्ट, झरी व गिरी पार्श्वनाथांच्या डोंगराकडे निघण्यापूर्वी आमच्या घरी घटकाभर टेकतात. परसदारातील बदके पाहून बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, "नर-मादी दोन्ही असताना मध्ये जाळी कशासाठी?"

नातीच्या हट्टापायी दोन पिल्ले घरी आली, तेव्हा त्यांतील नर कोणता हे देणाऱ्यालाही सांगता आले नव्हते. दोनेक महिन्यांत आवाजानेच उलगडा केला. मादी खणखणीत ओरडू लागली, नराचा आवाज मात्र घोगरा व दबका राहिला. पुढे त्याच्या शेपटीवर वर वळलेले कुरळे पीस आले आणि शंका उरली नाही. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. विचारास तेवढाच अवधी होता.

इतरत्र हा प्रश्न सहज सुटतो. अंड्यातून पिलू येण्यास सुमारे 28 दिवस ऊब लागते, म्हणून रोज सकाळी अंडी उचलली की संतती वाढत नाही. पण नराचा संग झालेल्या मादीचे अंडे बाहेर पडते, तेव्हाच त्यातील गर्भाच्या पेशींचे विभाजन सुरू झालेले असते. थंड जागी ते खोळंबते, इतकेच. तत्त्वार्थसूत्रात अंडज जीव गर्भजन्मात गणले आहेत. असे अंडे उचलून टाकावे आणि पिलू झाले नाही म्हणून निश्चिंत व्हावे, हे मला पटेना. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवल्याने देणे फिटत नाही, हे बँकेतील नोकरीने शिकवले होते.

पशुवैद्यकांना विचारले. बैलाप्रमाणे बदकाचे खच्चीकरण सोपे नाही, असे त्यांनी सांगितले. नराची वृषणे पोटात, मोठ्या रक्तवाहिन्यांलगत असतात. शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते. तेव्हा नराला वेगळे ठेवणे हाच मार्ग उरला.

सौभाग्यवतींनी हरकत घेतली. "एकत्र वाढलेल्या जिवांची ताटातूट करणे ही हिंसा नव्हे काय?" हा प्रश्न झटकण्याजोगा नव्हता, कारण बदक हा कळपात राहणारा पक्षी आहे, एकटा पडला की झुरतो. परंतु दुसरीही बाजू होती. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात असे जाणकार म्हणतात. एकच मादी असली तर विणीच्या दिवसांत नर तिच्या मानेची पिसे उपटून तिला बेजार करतो. हे ऐकल्यावर त्यांचे मत बदलले. शेजारच्या शेतकऱ्याकडून आणखी एक नर व एक मादी आणली. तो नर खाटकाकडे जायचा होता, कारण अंडी न देणाऱ्या नराला ठेवतो कोण! दोनाची चार झाली, दाण्याचा खर्चही दुप्पट झाला. मादी दृष्टीस नसेल तर नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात. आमचे दोघे एकमेकांवर धावून जाऊ लागले, तेव्हा जाळीच्या खालच्या भागाला शहाबादी फरशा उभ्या केल्या. दिसणे थांबले, हाकाटी राहिली.

ज्यांच्याकडे नर-मादी आधीपासून एकत्र आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावे. नर वेगळा केल्यावरही मादीच्या शरीरात त्याचे बीज आठवडा-दोन आठवडे टिकते. त्या दिवसांची अंडी, मादी खुडूक बसत असेल तर, तिच्याखालीच राहू द्यावीत आणि होतील त्या पिलांना सांभाळण्याची तयारी ठेवावी, असे माझे मत आहे.

नर नसला तरी मादी अंडी घालतेच. गावातील एका खानावळवाल्याने "काका, ही तर निर्जीव अंडी, भाव काय लावता?" असे विचारले. मी हात जोडले. जे आहारात नाही ते व्यापारात कशाला? ती अंडी आम्ही नारळाच्या आळ्यात पुरतो. मात्र रोज उचलत राहिले तर मादी घालतच राहते आणि तिच्या अंगातील कॅल्शियम झिजते. म्हणून सुताराकडून लाकडी अंडी कातून घेतली आणि घरट्यात ठेवली. एक मादी ती पाहून थांबली व खुडूक बसली. तिला दाणापाण्यासाठी मुद्दाम उठवावे लागले. दुसरीला लाकूड ओळखू येत असावे, ती ढिम्म फसली नाही. तिच्या अंड्यांची नोंद नात वहीत ठेवते. मार्गशीर्षात दिवस लहान झाले तेव्हा तो आकडा आपोआप खाली आला.