शर्यत परतली, सायकल कधी परतणार?

पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणत, ते उगाच नव्हे. सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे कामगारांच्या सायकलींची रीघ लागे. दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून पेठांच्या बोळांतून सफाईने वाट काढीत. सायकल विकत घेणे परवडत नसेल, तर ती तासाच्या भाड्याने मिळे. रात्री दिवा नसला किंवा कुणाला डबलसीट घेतले, तर चौकातला पोलीस अडवी. प्राध्यापक असो वा शिपाई, दोघांच्याही धोतराला वा विजारीला साखळीचे काळे डाग सारखेच पडत!

अशा शहराला मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे वेड नसते तरच नवल. सुमारे दीडशे किलोमीटरच्या या वाटेत खोपोली मागे पडली, की बोरघाटाची जवळजवळ पाचशे मीटरची चढण समोर उभी राहते. शर्यतीचा खरा कस तिथेच लागतो. घाटमाथा जो सर्वांत आधी गाठेल तो ‘घाटाचा राजा’. हा मान अंतिम विजयाइतकाच मोलाचा समजला जाई. ज्या शहरात रोज सायकल मारावीच लागे, तिथे शर्यतीसाठी तयार पाय मुद्दाम शोधावे लागत नसत.

पुढे मोपेड आल्या. स्कूटर तर जवळच आकुर्डीलाच तयार होत होत्या. शहर पसरले, अंतरे वाढली, हाती चार पैसे आले. सायकल म्हणजे गरिबी, असा समज घरोघरी रुजला. मुंबई-पुणे शर्यतीतही खंड पडू लागले. २०१७ साली कर्वेनगरात जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. काल जी वस्तू अंगणात उभी होती, ती आज तिकीट काढून पाहायची! त्याच वर्षअखेरीस भाड्याच्या नव्या सायकली रस्त्यावर आल्या, पण काही वर्षांतच त्याही दिसेनाशा झाल्या.

आणि मग जानेवारी २०२६ मध्ये शर्यत पुण्यात पुन्हा अवतरली, तीही आंतरराष्ट्रीय थाटात. १९ ते २३ जानेवारीदरम्यान झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’मध्ये देशोदेशीचे स्पर्धक चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटर धावले. पहिल्या दिवशी शहरातच छोटी सलामीची शर्यत झाली. तिच्यासाठी डेक्कन भागातली वाहतूक थांबली. रस्ते नव्याने गुळगुळीत झाले. मुलांना खांद्यावर बसवून लोक कडेला उभे राहिले.

हे सारे आनंदाचेच आहे. पण शर्यत संपली, मोटारी परतल्या आणि खांद्यावरून उतरलेल्या मुलाने विचारले, “मी उद्या शाळेत सायकलने जाऊ?” तर किती आईबापांना ‘जा’ म्हणता येईल? नकार देणाऱ्यांना दोष कसा द्यावा? भरधाव बस आणि पदपथावर उभ्या दुचाकी यांच्यामधून दहा वर्षांचे पोर कोणत्या भरवशावर पाठवावे?

परंपरा पाच दिवसांच्या सोहळ्याने जिवंत होत नाही. सोहळ्याने तिची आठवण तेवढी ताजी होते. पाच दिवस वाहतूक वळवता येते, तर महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तास पेठेतला एखादा रस्ता मुलांसाठी मोकळा ठेवणे अवघड का असावे? तिथे साध्या सायकलींच्या शर्यती घ्याव्यात. शाळेच्या स्नेहसंमेलनातली ‘मंद सायकल’ही असू द्यावी, जिच्यात पाय न टेकता सर्वांत मागे राहणारा जिंकतो. आईने आपली जुनी सायकल पुसून बाहेर काढावी. आणि शाळेची वाट तेवढी तरी निर्धोक करण्याचा आग्रह पालकांनी नगरसेवकाकडे धरावा.

‘घाटाचा राजा’ एका दिवसात घडत नाही. तो आधी कुठल्यातरी बोळात, गुडघे फोडून घेत, सायकल शिकलेला असतो. तो बोळ मुलांना परत मिळाला पाहिजे.